चार, पाच की सहा? बेस गिटारच्या तारांचा इतिहास

बेस गिटार घ्यायला निघालेल्या माणसाला पहिला प्रश्न पडतो बजेटचा, दुसरा रंगाचा. तिसरा प्रश्न दुकानदार विचारतो: चार तारांची दाखवू की पाच? इथे बहुतेक जण मित्राला फोन लावतात. एक मित्र म्हणतो, "चारचीच घे, आत्ता कुठे शिकतोयस." दुसरा म्हणतो, "पाचची घे, नाहीतर दोन वर्षांनी परत खर्च." सल्ला दोघेही देतात. पण चार हा आकडा मुळात आला कुठून, हे कोणी सांगत नाही.

मी सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे कोडमध्ये एखादा आकडा नुसताच लिहिलेला सापडला आणि तो तिथे का आहे हे कोणालाच सांगता आलं नाही, की त्याला 'मॅजिक नंबर' म्हणतात. त्याला हात लावायला सगळे घाबरतात, कारण तो बदलला तर काय मोडेल याचा भरवसा नसतो. बेसवरचा चार हा असाच एक आकडा आहे. फरक इतकाच की इथे तो बदलून बघणारी माणसं होऊन गेली, आणि काय मोडलं, काय जमलं याची नोंद आहे.

रेडिओ दुरुस्त करणारा माणूस

लिओ फेंडर याने १९३८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान काढलं. शिक्षण हिशेबनिशीचं, आवड इलेक्ट्रॉनिक्सची, आणि स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. दुकानात येणाऱ्या वादकांच्या तक्रारी ऐकून त्यावर उपाय काढणं, ही त्याची कामाची पद्धत.

डान्स बँडमधल्या डबल बेसवाल्यांची तक्रार दुहेरी होती. वाद्य माणसाएवढं, गाडीत मावत नाही. आणि बँडमध्ये इलेक्ट्रिक गिटार आल्यापासून त्याचा आवाज कोणाला ऐकूच जात नाही. फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला: भरीव लाकडाचा, गळ्यात अडकवायचा, अँप्लिफायरला जोडायचा. पट्टीवर फ्रेट असल्यामुळे सूर अचूक लागायचा, म्हणून नाव 'प्रिसिजन'. त्याआधी, १९३० च्या दशकात, सिअॅटलमध्ये पॉल टुटमार्क यानेही फ्रेट असलेला इलेक्ट्रिक बेस बनवून विकला होता, पण तो चालला नाही. फेंडरचा चालला. लायोनेल हॅम्प्टनच्या जॅझ बँडमध्ये मंक माँटगोमेरी तो वाजवू लागला आणि वाद्य गावोगाव पोचलं.

फेंडरने वाद्याचा आकार बदलला, वजन बदललं, लांबी ३४ इंचांवर आणली. एक गोष्ट मात्र तशीच ठेवली: ई, ए, डी, जी या चार तारा आणि त्यांचं ट्यूनिंग. डबल बेस वाजवणाऱ्याने हे वाद्य हातात घेतलं की त्याला सगळे सूर ओळखीच्या जागी सापडले पाहिजेत. आमच्या भाषेत याला 'बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी' म्हणतात. नवी आवृत्ती काढा, पण जुन्या गिऱ्हाइकाची फाइल उघडली पाहिजे.

पण डबल बेसला तरी चारच का?

कारण तिथेही नेहमी चार नव्हत्या. अठराव्या शतकात व्हिएन्नामध्ये पाच तारांचे बेस होते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-इटलीत तीन तारांचा बेस सर्रास वाजत असे. त्या काळचे दोन सर्वांत गाजलेले बेसवादक, दोमेनिको ड्रॅगोनेत्ती आणि जोव्हानी बोत्तेसिनी, दोघेही तीन तारांवर वाजवायचे. हा बोत्तेसिनी म्हणजे तोच, ज्याने १८७१ मध्ये कैरो इथे वेर्दीच्या 'आइडा'च्या पहिल्या प्रयोगाचं संचालन केलं. दुसरीकडे बेटहोव्हनसारखे रचनाकार खालच्या ई तारेच्याही खालचे सूर लिहून मोकळे होत आणि वादक ते निमूटपणे एक सप्तक वर वाजवत. पुढे जर्मन ऑर्केस्ट्रांनी त्यासाठी पाच तारांचा डबल बेस वापरायला सुरुवात केली.

चारचा आकडा स्थिरावला तो हाताच्या मापामुळे. व्हायोलिनच्या शेजारशेजारच्या तारांमध्ये सा ते प एवढं अंतर असतं. बेसवर हे जमत नाही. साधारण ४२ इंचांच्या तारेवर पहिला अर्धा सूर वर जायला बोट सुमारे ६ सेंटिमीटर सरकवावं लागतं, व्हायोलिनवर जेमतेम २. म्हणजे बेसवर एका जागी हात ठेवून दोन अर्धे सूर मिळतात, फार तर. तारांमधलं अंतर सा ते म एवढं कमी केलं की हाताची धावपळ कमी होते. चार तारा, प्रत्येकीत सा-म. ऑर्केस्ट्राला लागणारे बहुतेक सूर त्यात बसतात आणि वाद्यावरचा ताणही झेपतो. ही तडजोड होती, आणि ती ४२ इंचांच्या वाद्यासाठी होती. फेंडरचं वाद्य ३४ इंचांचं, आडवं धरायचं. अडचण बदलली, पण उत्तर तेच राहिलं.

जाड तारेचं गणित

मग खाली एक तार वाढवायला काय हरकत होती? हरकत भौतिकशास्त्राची होती.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि वजन. ई तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१. तिच्या खालची बी तार सुमारे ३१. लांबी आणि ताण तेवढाच ठेवून हा सूर हवा असेल तर तार जवळपास १.७८ पट जड लागते, म्हणजे जाडी १.३३ पट. ई तार ०.१०५ इंच जाड धरली तर बी तार ०.१४० इंच हवी. इतकी जाड तार काठीसारखी ताठ होते आणि तिचा सूर बोदा येतो. म्हणून बाजारात बहुतेक ०.१३० ची मिळते. ती वापरली की ताण सुमारे १४ टक्क्यांनी कमी. पाच तारांच्या स्वस्त बेसवर खालची तार ढिली, लोंबकळल्यासारखी का वाटते, त्याचं एक मोठं कारण हेच.

उपाय एकच: लांबी वाढवा. ३५ इंच केली तर तीच तार त्याच सुराला सुमारे ६ टक्के जास्त ताणावर बसते. ३६ इंचांना १२ टक्के. पण लांबी वाढली की फ्रेटमधलं अंतर वाढतं आणि बोटं पुन्हा ताणतात. कॅनडातल्या शेल्डन डिंगवॉल या कारागिराने पुढे फ्रेट तिरपे, पंख्यासारखे पसरून ठेवण्याची पद्धत बेसवर रुळवली. त्यात बी तार ३७ इंच आणि जी तार ३४. प्रत्येक तारेला तिच्या मापाची लांबी.

फसलेले प्रयोग

तारा वाढवण्याचे पहिले प्रयत्न खाली न जाता वरच्या दिशेने झाले, ते या गणितामुळेच. १९५६ मध्ये डॅनइलेक्ट्रो कंपनीने सहा तारांचा बेस काढला. तो म्हणजे एक सप्तक खाली लावलेली गिटारच. फेंडरने १९६१ मध्ये त्याच वळणाचा 'बेस सिक्स' आणला. नॅशव्हिलच्या स्टुडिओंत अशा वाद्यांना काम मिळालं, पण तिथे ती डबल बेसच्या जोडीला वाजत, त्याची जागा घेत नव्हती.

१९६५ चा 'फेंडर बेस फाइव्ह' जास्त शहाणा होता, कागदावर तरी. वर एक सी तार दिली आणि फ्रेट कमी करून १५ वर आणले. उंच सूर नव्या तारेवर मिळतात, मग लांब पट्टी कशाला? हिशेब बरोबर होता. पण वादकांना आणखी उंच सूर नकोच होते. १९७० मध्ये तो बंद झाला. कोणी न मागितलेलं फीचर कितीही नेटकं लिहिलं तरी वापरलं जात नाही, हे आम्हाला दर सहा महिन्यांनी नव्याने कळतं.

त्याच काळात डेट्रॉइटमध्ये मोटाउनच्या तळघरातल्या स्टुडिओत जेम्स जेमरसन १९६२ सालचा प्रिसिजन बेस घेऊन बसलेला होता. चार तारा, त्याही वर्षानुवर्षं न बदललेल्या, आणि उजव्या हाताची फक्त तर्जनी. एवढ्यावर त्याने लोकप्रिय संगीतातल्या बेसची भाषा बदलली. मोटाउन तेव्हा रेकॉर्डवर वादकांची नावं सहसा छापत नसे. जेमरसनचं नाव लोकांना वाचायला मिळालं ते १९७१ च्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'वर. चार तारा पुरतात का, या प्रश्नावर त्याचं वादन हे आजही सर्वांत भक्कम उत्तर आहे.

अँथनी जॅक्सनचा प्रश्न

गंमत अशी, की चारच्या आकड्याला सर्वांत गंभीर आव्हान दिलं ते जेमरसनच्याच एका भक्ताने. न्यूयॉर्कचा अँथनी जॅक्सन. ओजेज या गटाच्या 'फॉर द लव्ह ऑफ मनी'ची १९७३ मधली सुरुवातीची बेस ओळ त्याची, चार तारांवरची. त्याचा मुद्दा साधारण असा: हे वाद्य गिटारच्या कुळातलं आहे, आणि गिटारला सहा तारा असतात. फेंडरने डबल बेसवाल्यांच्या सोयीसाठी चार ठेवल्या, म्हणून आम्ही कायम चारवरच का राहायचं?

१९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्याच्यासाठी सहा तारांचं वाद्य घडवलं. खाली बी, वर सी. पहिल्या वाद्यात तारा फारच जवळजवळ होत्या. मग सुधारणा, मग दुसरे कारागीर, आणि अखेर ब्रुकलिनच्या फोडेराबरोबर ३६ इंचांचं, २८ फ्रेटचं वाद्य. तो त्याला बेस गिटार न म्हणता 'काँट्राबेस गिटार' म्हणायचा. एका कल्पनेच्या मागे माणूस इतकी वर्षं लागला, हे मला त्या सहा तारांपेक्षा मोठं वाटतं.

त्याच सुमारास जिमी जॉन्सन याने अलेंबिक कंपनीच्या पाच तारांच्या बेसवर वरच्या सी ऐवजी खाली बी तार चढवली. आज दुकानात 'फाइव्ह स्ट्रिंग' म्हणून जो बेस मिळतो, तो हाच. आणि १९७६ मध्येच जाको पास्टोरियसचा पहिला अल्बम आला. फ्रेट काढून टाकलेला चार तारांचा जॅझ बेस. हार्मोनिक्स वापरून त्याने असे उंच सूर काढले की वरची तार वाढवायची गरज काय, असं वाटावं.

पोटापाण्याचा भाग

तरीही पाच तारांचा बेस घरोघर पोचला तो कोणाच्या तत्त्वामुळे नव्हे. त्याला कारण ठरला सिंथेसायझर. १९८० च्या दशकात पॉप गाण्यांतला बेस कीबोर्डवर वाजू लागला, आणि कीबोर्डला ई च्या खाली जायला काहीच लागत नाही. ती गाणी स्टेजवर वाजवायची तर बेसवाल्याकडे खालचा डी, सी हवा. नाही म्हटलं तर ते काम कीबोर्डवाल्याकडे. यामाहाने १९८४ मध्ये आणि म्युझिक मॅनने १९८७ मध्ये पाच तारांचे बेस कारखान्यातून काढले, कारण आता गिऱ्हाईक होतं. खालच्या तारेने मिळतात फक्त पाच नवे सूर. पण त्या पाचांवर अनेकांची घरं चालली.

मुंबईतही ही गोष्ट घडत होती, थोड्या वेगळ्या रीतीने. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी नवी यंत्रं स्वतःच विकत घेतली. त्यात रोलंडचं टीबी-३०३ होतं, जे बेसवादकाच्या बदली वाजावं म्हणूनच बनवलं होतं. १९८२ मध्ये त्यांनी त्यावर दहा राग डिस्को ठेक्यात बसवले. रेकॉर्ड तेव्हा फारशी खपली नाही. काही दशकांनंतर जगभरच्या इलेक्ट्रॉनिक संगीतवाल्यांना ती सापडली आणि ते थक्क झाले. यंत्र आल्यावर कोणी तार वाढवतं, कोणी यंत्रच वाजवायला शिकतं.

मग तुम्ही किती घ्याल?

आधी खर्च बघा, आणि मी पैशांबद्दल बोलत नाही. प्रत्येक जादा तार ही न वाजवताना गप्प ठेवायची आणखी एक तार असते. वरच्या तारा वाजवताना खालची बी आपोआप गुणगुणू लागते, आणि तिला दाबून धरायला अंगठा गुंतवावा लागतो. नेक रुंद, वजन जास्त. शिवाय ३१ कंपनांचा सूर फोनच्या स्पीकरमधून येतच नाही. वरच्या पटीतल्या स्वरांवरून मेंदू तो ताडतो. तुमची गाणी लोक फोनवरच ऐकणार असतील, तर हेही लक्षात असू द्या.

त्या बदल्यात मिळतं काय? मेटलवाल्यांना खालचा सूर हवाच असतो, कारण गिटारच खाली लावलेल्या असतात. गायकाची पट्टी रोज बदलणाऱ्या ऑर्केस्ट्रात मोकळ्या तारेवर अवलंबून राहता येत नाही, तिथे पाच तारांमुळे एकाच जागी हात ठेवून कुठलीही पट्टी गाठता येते. आणि बॉस्टनच्या मॉर्फीन बँडचा मार्क सँडमन फक्त दोन तारांचा बेस स्लाइडने वाजवायचा. त्याला दोन पुरल्या, कारण त्याला जे म्हणायचं होतं ते दोनात बसत होतं.

आपल्याकडे हा वाद सतारीवर होऊन गेला आहे. रविशंकरांनी खर्जाच्या तारा ठेवल्या, विलायत खाँनी त्या काढल्या. एकाला मंद्रातली आलापी हवी होती, दुसऱ्याला गळ्यासारखी गाणारी सतार. दोघांच्याही सतारी आजही बनतात, विकल्या जातात, शिकवल्या जातात.

फेंडरने चार ठेवल्या त्या डबल बेसवाल्यांसाठी. तुम्ही डबल बेसवाले नाही, त्यामुळे तो निर्णय तुमच्यावर बंधनकारक नाही. पण जेमरसन त्याच चारांवर वाजवून गेला आहे, त्यामुळे तो निर्णय चुकीचाही नाही. दुकानात जाण्याआधी तुम्हाला वाजवायची असलेली दहा गाणी काढा आणि त्यांतला सर्वांत खालचा सूर शोधा. तो ई च्या खाली जात असेल तर पाच घ्या. नसेल, तर चार घ्या आणि वाचलेल्या पैशांत बरा अँप घ्या.