तयार माल कीं घरची घडण?

रोह्यापासून सुरू होणाऱ्या कोंकण रेल्वेवर कोलाड हें पहिलें स्थानक. कुंडलिकेच्या खोऱ्यांतील ह्या गांवीं १९९९ सालापासून एक कौतुकाचा देखावा दिसतो. भरलेल्या मालमोटारी जशाच्या तशा आगगाडीच्या सपाट वाघिणींवर चढतात आणि गोव्यांत वेर्ण्यास उतरून आपल्या चाकांवर पुढें जातात. पोतीं वाटेंत सोडावीं लागत नाहींत. मात्र पोत्यांत काय आहे, हेंहि वाटेंत कोणी पाहत नाहीं. सोय आणि विश्वास यांचा हाच झगडा संगणकाच्या इतिहासांत तीस वर्षें चालला आहे.

सर्व्हर म्हणजे पुष्कळांच्या सेवेस अहोरात्र उभा असलेला संगणक. त्याचें सॉफ्टवेअर प्रथम मनुष्यास वाचतां येईल अशा भाषेंत लिहितात, तो ‘सोर्स’. त्याचें यंत्रास कळेल असें रूपांतर केलें, कीं ती ‘बायनरी’. पूर्वी व्यवस्थापकास सोर्स आणून रूपांतर स्वतःच करावें लागे. एका सॉफ्टवेअरला दुसरें लागे, दुसऱ्यास तिसरें. ह्या साखळींत दिवसचे दिवस जात.

ऑगस्ट १९९३ मध्यें इयन मर्डॉक यांनीं डेबियनची घोषणा केली; त्यांत तयार बायनरी पॅकेजांची व्यवस्था झाली. पुढच्याच ऑगस्टांत जॉर्डन हबर्ड यांनीं फ्रीबीएसडीसाठीं ‘पोर्ट्स’ची पद्धत सुरू केली. पोर्ट म्हणजे जणू पाककृति: सोर्स कोठून आणावा, त्यांत कोणते फेरफार करावे, सोबत काय लागेल, हें सारें त्यांत लिहिलेलें, रांधावयाचें मात्र आपल्याच घरीं. आपल्यास हवें तेवढेंच घालावें, नको तें गाळावें, हा तिचा लाभ. वेळ फार लागतो, हा तोटा.

१५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें भारतांत इंटरनेट सर्वांस खुलें केलें. टेलिफोनच्या तारेवरून, सेकंदास ९,६०० बिट ह्या गतीनें, दहा मेगाबाइटांचें गांठोडें उतरावयास सव्वादोन तासांहून अधिक वेळ लागे. तेथें नित्य अद्ययावत् राहणें ही चैनच होती.

ती चैन नव्हे, गरज आहे, हें एप्रिल २०१४ मध्यें कळलें. ओपनएसएसएल ह्या कुलुपाच्याच साधनांत ‘हार्टब्लीड’ नांवाचें छिद्र सांपडलें. सर्व्हरच्या स्मृतींतील गुप्त किल्ल्या त्यांतून बाहेर पडूं शकत. पॅकेजें वापरणाऱ्यांस दुरुस्त प्रत एका आज्ञेसरशीं मिळाली. घरीं घडविणाऱ्यांस मात्र प्रत्येक यंत्रावर पुन्हां घडण करावी लागली. दोघांनाहि सेवा बंद करून पुन्हां सुरू करणें भाग होतें; जुनी प्रत चालूच राहिली, तर दुरुस्ती कागदावरच राहते.

मग तयार मालच बरा काय? मार्च २०२४ मध्यें आंद्रेस फ्रॉइंड यांस सर्व्हरवर प्रवेश करतांना अर्ध्या सेकंदाचा उशीर जाणवला. शोध घेतां, ‘एक्सझेड’ ह्या साधनांत कोणी चोरवाट पेरली होती असें दिसलें. तिला जागी करणारा धागा सार्वजनिक भांडारांत नव्हता. प्रसिद्ध झालेल्या सोर्सच्या गांठोड्यांत होता, आणि डेबियन किंवा आरपीएम पॅकेज घडवितांनाच तो कामास लागे. म्हणजे सोर्स हातीं आहे, एवढ्यानें निर्धास्त होतां येत नाहीं.

यावरचा उपाय डेबियनच्या मंडळींनीं २०१३ पासूनच हातीं घेतला होता. एकाच सोर्सची घडण निरनिराळ्या ठिकाणीं करावयाची, आणि दोन्ही बायनरी अक्षरशः जुळतात कीं नाहीं तें पाहावयाचें. जुळल्या, तर मधल्या वाटेवर कोणी हात घातला नाहीं. सोर्सच दूषित असेल, तर हाहि उपाय अपुरा. तेथें तो वाचणारा डोळाच हवा. मोटार भरलेलीच पाठवावी. पण भरतांना पोतें उघडून पाहणारा कोणी तरी असावा.