शाळेतल्या खेळाडूची पारख कशी होते? स्टार रेटिंग, बॅटरी टेस्ट आणि तुमचा मोबाईल

तालुका स्पर्धेत शाळेची टीम जिंकली, सरांनी पाठ थोपटली, गावच्या ग्रुपवर फोटो आला. पुढे काय? हा मुलगा किंवा ही मुलगी जिल्ह्याला, राज्याला, कॉलेजच्या टीममध्ये खरंच टिकेल का, हे ठरवतं कोण आणि कशावरून? आपल्या पाटणसारख्या तालुक्यात हा प्रश्न छोटा नाही. निवड झाली तर फुकट शिक्षण, होस्टेल, कोचिंग आणि पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण असा रस्ता उघडतो. नाही झाली तर बरीच मुलं दहावीनंतर खेळ सोडून देतात.

म्हणून या लेखात तीन गोष्टी पाहू. पारख करण्याच्या पद्धती कोणत्या, त्यातला आकडा कुठे फसवतो, आणि खिशातल्या मोबाईलवर तुम्ही स्वतः विश्वासार्ह नोंद कशी ठेवू शकता.

अमेरिकेतलं स्टार रेटिंग म्हणजे काय?

शाळेतल्या खेळाडूंना रेटिंग देण्याचा सगळ्यात मोठा कारभार अमेरिकेत चालतो, तोही बास्केटबॉल आणि अमेरिकन फुटबॉलमध्ये. तिथे हायस्कूलच्या मुलांना कॉलेज स्कॉलरशिप देऊन आपल्या टीममध्ये घेतं. रायव्हल्स, २४७स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा कंपन्या या मुलांचे सामने बघून त्यांना तारे देतात. पाच तारे म्हणजे देशातल्या अगदी वरच्या मोजक्या मुलांपैकी एक.

हे तारे कुठलं मशीन देत नाही. उंची, हातांचा पसारा, उडी, वेग, शूटिंग आणि सामन्यातली समज बघून माणसंच मत देतात. तो एक अंदाज असतो, आणि अंदाज चुकतोही. स्टीफन करीला हायस्कूलनंतर एकाही मोठ्या कॉन्फरन्सच्या कॉलेजने स्कॉलरशिप दिली नाही. कारण सांगितलं जायचं की पोरगा बारीक आहे. तो डेव्हिडसन नावाच्या लहान कॉलेजात गेला, २००९ मध्ये एनबीए ड्राफ्टमध्ये सातवा निवडला गेला आणि २०१६ मध्ये एकमताने एमव्हीपी ठरलेला पहिला खेळाडू झाला.

उलटं उदाहरण आपल्याकडचं. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग ७ फूट २ इंच उंच. २०१५ मध्ये ५२व्या क्रमांकावर डॅलसने त्याला घेतलं. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. पण एनबीएच्या नियमित सीझनचा एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. म्हणजे उंचीने दार उघडलं, पण आत टिकायला नुसती उंची पुरली नाही.

आपल्याकडची पद्धत: बॅटरी टेस्ट

महाराष्ट्रात शाळकरी खेळाडू साधारण तीन वाटांनी पुढे जातो.

१) शालेय स्पर्धा: १४, १७ आणि १९ वर्षांखालील गट. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय.

२) क्रीडा प्रबोधिनी: राज्य सरकारने १९९६ मध्ये सुरू केलेली निवासी योजना. मुख्य केंद्र पुण्यात बालेवाडीला. लहान वयाच्या मुलांना इथे घेताना बॅटरी टेस्ट घेतात. बॅटरी म्हणजे चार्जिंगवाली नव्हे, तर चाचण्यांचा संच. त्यात उंची, वजन, उभ्याने लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, पुढे वाकण्याची लवचिकता, ६ x १० मीटर शटल रन, ३० मीटर फ्लाइंग स्टार्ट आणि ८०० मीटर धावणे अशा गोष्टी मोजतात. आधीच राज्य पातळीवर खेळलेल्या मुलांसाठी वेगळी कौशल्य चाचणी असते.

३) खेलो इंडिया: निवडलेल्या खेळाडूला दरवर्षी आर्थिक मदत, कमाल ८ वर्षं. मार्च २०२४ मध्ये याच्याच अंतर्गत 'कीर्ती' हा ९ ते १८ वयाच्या मुलांचा टॅलेंट शोध कार्यक्रम सुरू झाला. नोंदणी ऑनलाइन, चाचणी ठरलेल्या केंद्रावर.

एक गोष्ट लक्षात घ्या. बॅटरी टेस्ट 'हा चांगला खेळाडू आहे का' असं विचारत नाही. ती विचारते, 'या शरीरात शिकवण्यासारखं काय आहे?' तारे मात्र आज खेळ कसा दिसतो त्यावर मिळतात. दोन्ही पद्धती उपयोगाच्या आहेत, पण दोन्ही एकाच क्षणाचा फोटो काढतात.

एका दिवसाचा आकडा का फसवतो?

कारण १: वाढीचं वय. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरमध्ये जन्मलेला मुलगा शेजारी उभे राहतात. दोघांत जवळजवळ वर्षाचा फरक. त्यात मुलांची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ सरासरी १४च्या आसपास, मुलींचा १२च्या आसपास येतो, पण कुणाचा दोन वर्षं आधी, कुणाचा दोन वर्षं उशिरा. त्यामुळे १३व्या वर्षी मिसरूड फुटलेला मुलगा सगळ्यांना उडवून लावतो आणि आपण म्हणतो, 'काय टॅलेंट आहे!' कदाचित तो फक्त लवकर मोठा झालाय. उशिरा वाढणारा मात्र त्याच दिवशी बाद होतो.

कारण २: कमी नोंदी. समजा एका मुलीने १० फ्री थ्रोपैकी ७ टाकले. म्हणजे ती ७० टक्केवाली? गणित सांगतं की तिची खरी क्षमता साधारण ४० ते ८९ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकते. तिनेच १००पैकी ७० टाकले, तर तोच पट्टा ६० ते ७८ इतका अरुंद होतो. कबड्डीतही तेच. एका सामन्यातल्या दहा रेडवरून रेडर ठरवू नका.

कारण ३: समोर कोण होतं? कमकुवत टीमविरुद्ध ३० पॉइंट आणि विभागाच्या फायनलमध्ये ९ पॉइंट, यात भारी काय? नुसत्या आकड्यांच्या यादीत पहिलं मोठं दिसतं, पण पारख करणारा दुसऱ्याकडे बघतो.

कारण ४: मोजण्यातली चूक. हातातल्या स्टॉपवॉचवर अंगठा दाबायला वेळ जातो. ॲथलेटिक्समध्ये हाताने घेतलेली १०० मीटरची वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी ताडताना ०.२४ सेकंद मिळवतात, ते याचसाठी. ३० मीटर ४ सेकंदांत पळणाऱ्या मुलाच्या वेळेत ०.२ सेकंदाची चूक म्हणजे ५ टक्के. निवड आणि नकार यातला फरक बरेचदा याहून कमी असतो. त्यात कोयना खोऱ्यातला पाऊस. ऑगस्टच्या चिखलातली वेळ आणि जानेवारीच्या कोरड्या मैदानावरची वेळ एका रांगेत लावता येत नाही.

आपल्याच जिल्ह्यातली दोन उदाहरणं

फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव. आईवडील मजुरी करणारे. जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी त्याला खेळाकडे वळवलं ते धावण्यासाठी. पण पोटाला पुरेसं नसल्याने शरीर अशक्त, सरावातच दम संपायचा. क्रीडा प्रबोधिनीत आल्यावर धावपटू म्हणून त्याचे आकडे काही खास नव्हते. मात्र लांबून रिंगमध्ये चेंडू टाकण्याच्या चाचणीत त्याने दहापैकी दहा टाकले, आणि त्याला तिरंदाजीकडे पाठवलं गेलं. पुढे तो २०१९च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवणाऱ्या भारतीय पुरुष रिकर्व्ह संघात होता आणि टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळला. फक्त ८०० मीटरची वेळ बघून कुणी वही मिटली असती, तर?

माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर शाळेत खो-खो खेळायची. तिथून लांब पल्ल्याचं धावणं, मॅरेथॉन आणि मग ३००० मीटर स्टीपलचेस. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ती फायनलला पोचली आणि दहावी आली. ट्रॅकवरच्या वैयक्तिक प्रकारात १९८४च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिक फायनल गाठणारी ती पहिली भारतीय महिला. शाळेत जो खेळ हाती आला, तो तिचा खरा खेळ नव्हता.

या दोघांकडून शिकायचं ते इतकंच: एक चाचणी चुकली म्हणून मूल चुकत नाही. वेगवेगळ्या चाचण्या आणि पुन्हापुन्हा घेतलेल्या चाचण्या, या दोन गोष्टींनी पारख पक्की होते. पुन्हापुन्हा मोजण्याचं काम मोबाईल छान करतो.

मोबाईलने मोजायचं कसं?

३० मीटर (फ्लाइंग स्टार्ट)
- टेपने ३० मीटर मोजा, दोन्ही टोकांना मुलगा पळतो त्या रेषेच्या अगदी लगत काठ्या रोवा. काठी लांब असली तर कॅमेऱ्याच्या कोनामुळे वेळ चुकते.
- मोबाईल मधोमध, बाजूला २५-३० मीटरवर, स्टँडवर किंवा विटांवर पक्का ठेवा. दोन्ही काठ्या फ्रेममध्ये दिसल्या पाहिजेत.
- पहिल्या काठीआधी पळत यायला जागा द्या.
- छाती पहिल्या काठीशी आली ती फ्रेम आणि दुसऱ्या काठीशी आली ती फ्रेम शोधा. मधल्या फ्रेम भागिले फ्रेम रेट, म्हणजे वेळ.
- फ्रेम-फ्रेम पुढे जायला कॉम्प्युटरवर व्हीएलसी किंवा खेळासाठीच बनवलेलं मोफत किनोव्हिया वापरा.

उभी उडी
- पाय जमिनीवरून सुटला आणि परत टेकला, यातला वेळ सेकंदात काढा.
- त्या वेळेचा वर्ग करून १२२.६ ने गुणा. उत्तर सेंटीमीटरमध्ये.
- उदा. ०.५ सेकंद: ०.२५ x १२२.६ = साधारण ३०.७ सेंमी.
- उतरताना गुडघे पोटाशी घेतले तर वेळ खोटी वाढते. पाय सरळ ठेवूनच उतरायचं.

इथे फ्रेम रेट फार महत्त्वाचा. ३० एफपीएसवर एका फ्रेमची चूक म्हणजे वरच्या उडीत ४ सेंमीहून जास्त फरक. २४० एफपीएसवर तीच चूक अर्धा सेंमी. म्हणून स्लो-मोशन वापरा, पण दोन गोष्टी तपासा. काही फोनमधलं ९६० एफपीएस खरं नसतं, सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम स्वतः बनवून घालतं. आणि उजेड कमी असला की फोन गुपचूप फ्रेम रेट कमी करतो. सोपा उपाय: दुसऱ्या फोनवर चालू असलेलं स्टॉपवॉच आधी शूट करा आणि फ्रेम मोजून ताळा घ्या.

शूटिंग किंवा रेड
- आठवड्याला किमान १०० थ्रो, जागा आणि निकाल लिहून.
- होमकोर्टसारखी ॲप्स कॅमेऱ्यातून बास्केट आपोआप मोजतात. ॲप नसेल तर कागदावरच्या रेघाही चालतात.

नोंदवही
गुगल शीट्समध्ये हे रकाने करा: तारीख, वय (वर्ष-महिने), उंची, वजन, चाचणी, तीन प्रयत्न, मैदान कोरडं की ओलं, बूट की अनवाणी. उंची दर तीन महिन्यांनी, सकाळी, त्याच भिंतीशी. वर्षभराने आलेख काढा. उंची वेगाने वाढत असताना काही मुलं काही महिने अडखळतात, वेळ बिघडते. तेव्हा 'फॉर्म गेला' म्हणून ओरडू नका, आलेख बघा.

कोचला व्हिडिओ पाठवायचा असेल तर

गाणं आणि इफेक्ट टाकलेली रील नको. पारख करणाऱ्याला चुका झाल्यावर खेळाडू काय करतो, हे बघायचं असतं. म्हणून:
- सुरुवातीला १० सेकंद: नाव, जन्मवर्ष, उंची, जर्सी नंबर.
- मग सलग पाच मिनिटं न कापलेला खेळ, शक्यतो तगड्या टीमविरुद्ध.
- कॅमेरा उंचावर आणि आडवा. फक्त चेंडूमागे न धावता पूर्ण मैदान दिसू द्या. चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो, हीच खरी माहिती.
- मूल १८ च्या आतलं असेल तर आईवडिलांना विचारूनच पाठवा. आधार कार्ड, पत्ता, फोन नंबर व्हिडिओत नको.

'सिलेक्शन झालंय, पैसे भरा' असा मेसेज आला तर?

थांबा. व्हिडिओ बघून थेट निवड आणि आधी 'किट फी', हा ठराविक सापळा आहे. सरकारी योजनेचं नाव घेतलं असेल तर शाळेतल्या क्रीडाशिक्षकांमार्फत साताऱ्याच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा. वय कमी दाखवून देतो म्हणणाऱ्यापासूनही लांब राहा. क्रिकेटमध्ये बीसीसीआय हाडांच्या एक्स-रेवरून वय तपासतं, आणि पकडलं गेल्यावर बंदी मुलावर येते, दाखला आणून देणाऱ्यावर नाही.

थोडक्यात

- तारे आणि गुण हा अंदाज आहे, निकाल नाही.
- आकड्यासोबत वय, उंचीची वाढ, मैदान आणि समोरची टीम लिहिली नसेल तर तो आकडा अर्धाच.
- एका मोठ्या चाचणीपेक्षा वर्षभरातल्या चार साध्या चाचण्या जास्त सांगतात.
- एका खेळात नाव आलं नाही तर दुसऱ्या खेळाची चाचणी देऊन बघा.

तुम्ही स्वतः खेळत नसाल, पण घरात किंवा वाडीत कुणी पोरगं खेळत असेल, तर येत्या रविवारी टेप, दोन काठ्या आणि फोन घेऊन मैदानावर जा. पहिली ओळ भरा. पुढची तीन महिन्यांनी.