प्रादेशिक आराखडा, गोवा

गोव्यातील जमिनीचा वापर ठरवणारा वैधानिक आराखडा. १९७४ च्या नगर व ग्रामनियोजन कायद्यानुसार तो तयार होतो. वस्ती, शेती, फळबागा, वने व उद्योग यांची क्षेत्रे त्यात नकाशावर आखली जातात आणि बांधकाम परवान्यांना त्याचाच आधार असतो. पहिला आराखडा १९८६ मध्ये लागू झाला. त्याचे लक्ष्यवर्ष २००१ होते.

जमिनीचा वापर ठरवताना एकेका सर्वे क्रमांकापुरता विचार अपुरा का पडतो, हे खाजन जमिनीवरून कळते. खाडीकाठची ही सखल शेते बांध घालून राखलेली असतात. बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी सोडण्या-अडवण्याच्या झडपेची, दारे भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीला उघडतात. खारे पाणी बाहेर अडते, शेतातले पाणी खाडीत उतरते. अशा खाजनात एक तुकडा भराव घालून उंचावला, की त्यावरचे पाणी शेजाऱ्याच्या भातशेतीत शिरते. मालकी एकाची असली तरी परिणाम साऱ्या गावावर होतो. म्हणूनच निर्णय प्रादेशिक पातळीवर आणि लोकांसमोर व्हायला हवा.

२००६ मध्ये अधिसूचित झालेल्या ‘२०११’ च्या आराखड्याने शेती व डोंगरउतार वस्तीक्षेत्रात घातल्याचा आक्षेप घेत गोवा बचाव अभियान उभे राहिले. २००७ मध्ये तो आराखडा मागे घेण्यात आला. ‘२०२१’ च्या आराखड्यासाठीच्या कृतिदलात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया होते. त्याचे मसुदे गावोगावी सूचनांसाठी गेले आणि संवेदनशील जमिनींचे दोन पर्यावरणीय विभाग पाडण्यात आले. २०१२ मध्ये तो स्थगित झाला व पुढे टप्प्याटप्प्याने वापरात आला.

आराखड्यात चुका राहतात, जुने घर शेतजमीन म्हणून रंगवले जाते आणि मालकाला नाहक भुर्दंड पडतो, हा आक्षेप खरा आहे. आराखड्यातील एखाद्या जमिनीचा विभाग बदलू देणारे कलम १७(२) २०२३ मध्ये याच कायद्यात आणले गेले, त्याचे समर्थन याच मुद्द्यावर झाले. परंतु चूक दुरुस्त करणे वेगळे आणि अर्ज येईल तसा एकेका तुकड्याचा विभाग बदलणे वेगळे. दुसऱ्या मार्गाने आराखड्यातली सलगता तुटते, आणि ग्रामसभेत झालेली चर्चा कागदावर राहते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये या कलमाखालील नियम रद्द केले. दुरुस्ती जरूर व्हावी, पण ज्या जाहीर प्रक्रियेतून आराखडा घडला तिच्यातूनच. तसे झाले तरच टिकाऊ विकास या शब्दाला गोव्याच्या जमिनीवर अर्थ उरेल.