मुंबईची वेळ आणि गोखिवऱ्याचा सूर्य

विलायतेत वसंत ऋतू आला की एका ठरलेल्या रविवारी सारा देश आपली घड्याळे एक तास पुढे करतो आणि शरदात ती पुन्हा मागे घेतो. ही चाल १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, आधी जर्मनीने आणि पाठोपाठ इंग्लंडने उचलली. दिवसाचा उजेड वापरावा, कोळसा वाचवावा, हा हेतू. लोक मात्र दरवर्षी कुरकुरतात. आपण म्हणाल, त्याचे आम्हांला काय? पण हा जाच आपल्या वाडवडिलांनीही सोसला आहे, आणि मुंबई शहर तर त्यापायी जवळजवळ पन्नास वर्षे भांडत राहिले.

आधी थोडा हिशेब करू. वसईजवळचे गोखिवरे घ्या. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. भारताची प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशावरून ठरली आहे. गोखिवरे त्याच्या सुमारे साडेनऊ अंश पश्चिमेला. म्हणजे घड्याळात बारा वाजले तरी गोखिवऱ्याचा सूर्य माथ्यावर यायला सरासरीने ३९ मिनिटे बाकी असतात. जुन्या मापाने दीड घटकेहून थोडे अधिकच. फेब्रुवारीच्या मध्यास तो १२ वाजून ५२ मिनिटांच्या सुमारास माथ्यावर येतो, तर नोव्हेंबरच्या आरंभी १२ वाजून २२ मिनिटांना.

पूर्वी ही अडचण नव्हती. ज्या गावचा सूर्य, त्या गावची वेळ. मुंबईची वेळ ग्रीनिचपुढे ४ तास ५१ मिनिटे होती आणि तीच वसई-गोखिवऱ्यालाही जुळे. मग आली आगगाडी. १८६४ साली गाडी वसईवरून ग्रँट रोडपर्यंत धावू लागली. गाडीला गावोगावची वेळ कशी परवडणार? रेल्वेने तारायंत्राने कळणारी मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. झाले! स्टेशनावर एक वेळ, गावात दुसरी. गावच्या वेळेवर विसंबून निघालेल्याची गाडी चुकायचीच.

१८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही, आणि दोन वर्षांत हुकूम मागे घ्यावा लागला. पुढे १९०५ साली रेल्वे व तारखात्याने, आणि १ जानेवारी १९०६ पासून मुंबई सरकारने, आजची साडेपाच तासांची प्रमाणवेळ स्वीकारली. शहराची घड्याळे एकदम ३९ मिनिटे पुढे!

आता गिरणीकामगाराच्या जागी उभे राहून बघा. जानेवारीत मुंबईचा सूर्य जुन्या घड्याळाने साडेसहाच्या सुमारास उगवे. नव्या घड्याळाने त्याला सात वाजून दहा मिनिटे झाली. सूर्य होता तिथेच आहे, भोंगा मात्र ३९ मिनिटे आधी वाजणार. म्हणजे तेवढी झोप गेली, अंधारात उठणे आले. त्याच महिन्यात गिरणीकामगारांनी याविरुद्ध गडबड केली, ती काही अडाणीपणाने नव्हे. वर काळ कोणता होता? १९०५ साली कर्झनसाहेबांनी बंगालची फाळणी केलेली. जो सरकारी हुकूम प्रांत तोडतो, तोच आमची सकाळही ठरवणार काय, असे लोकांना वाटले. फिरोजशहा मेहतांसारख्या पुढाऱ्याने मुंबईच्या महापालिकेत जुन्या वेळेची बाजू धरली. सरकारी कचेऱ्या एका वेळेवर आणि महापालिका दुसऱ्या वेळेवर, असा प्रकार १९५५ पर्यंत चालला. सभेची चिठ्ठी आली की ‘मुंबई टाइम की स्टँडर्ड?’ हे विचारावेच लागे.

दुसऱ्या महायुद्धात तर कमाल झाली. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत सरकारने सगळ्या देशाची घड्याळे आणखी एक तास पुढे ठेवली. त्या हिशेबाने गोखिवऱ्याची खरी दुपार व्हायला १ वाजून ३९ मिनिटे होत!

मग बरोबर कोण? रेल्वेचेही खोटे नव्हते. एका रुळावर दोन वेळा चालल्या तर अपघातच व्हायचा. आणि कामगाराचेही खोटे नव्हते; सोय सर्वांची झाली, पण तिची किंमत त्याच्या झोपेतून गेली आणि त्याला कुणी विचारलेही नाही. खरी चीड काट्यांची नव्हती, न विचारण्याची होती. स्वराज्य आल्यावर आठ वर्षांत मुंबईने तीच वेळ आपली म्हणून घेतली, हे ध्यानात घ्या. तिकडे आसामात सूर्य लवकर उगवतो, म्हणून चहाच्या मळ्यांत आजही ‘बागान वेळ’ तासभर पुढे चालते.

विलायतेसारखा वर्षातून दोनदा काटे फिरवण्याचा खटाटोप मात्र आपल्याला नको. लंडनचा दिवस जूनमध्ये साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरात आठांहूनही कमी. आपला सव्वातेरा आणि अकरा. वाचवायला उजेड आहेच किती?

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. शाळेच्या अंगणात एक काठी सरळ रोवा आणि तिची सावली सर्वांत आखूड केव्हा होते ते मुलांना घड्याळात बघायला सांगा. वसईकडे मुलांना उत्तर बारा मिळणार नाही. मग त्यांना विचारा, चुकले कोण, सूर्य की घड्याळ? धडा तिथूनच सुरू होईल.