ओळखीचे दरवाजे

परदेशात गेलेला आपला माणूस दोन गोष्टी शोधतो. एक चहा, आणि दुसरं 'अगदी आपल्यासारखं' म्हणता येईल असं काहीतरी. चहा मिळेलच असं नाही. दुसरी वस्तू मात्र तो मिळवतोच. झांजिबारला तर ती शोधावीही लागत नाही, आपणहून अंगावर येते.

हे बेट आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ, टांझानियात. लोक तिथं जातात ते पांढऱ्या वाळूसाठी. त्यांना खुशाल वाळूत पालथं पडू द्यावं आणि आपण 'स्टोन टाऊन' नावाच्या जुन्या शहरात शिरावं. प्रवाळाच्या दगडांची, चुन्यानं लिंपलेली घरं आणि त्यांच्यामधून कशीबशी वाट काढणारे बोळ. दोन लठ्ठ गृहस्थ समोरासमोर आले तर एकानं मागं जायचं, थेट इतिहासात!

या घरांचे दरवाजे बघत राहावेत. नक्षीदार लाकूड आणि वर पितळेचे मोठमोठे खिळे. हे खिळे हिंदुस्थानातून आले, हत्तीची धडक अडवायला, असं तिथला वाटाड्या सांगतो. बेटावर हत्ती औषधालाही नाही. पण शेजाऱ्याच्या दाराला खिळे आहेत म्हटल्यावर आपल्याला नकोत होय?

भाषेचंही तेच. दुकानाला 'दुका', गाडीला 'गारी', पैशाला 'पेसा', लाखाला 'लाकी'. चपाती मात्र चपातीच. १९०८ ते १९३५ या काळात तर झांजिबारचा स्वतःचा रुपया होता.

पुढं भेटतो सुलतान बर्गश. यानं १८५९ साली गादीवरच्या भावाविरुद्ध बंड केलं आणि इंग्रजांनी त्याची रवानगी केली मुंबईला. भावाशी भांडण झालं की मुंबई गाठायची, ही चाल एकट्या कोकणाची नव्हे म्हणायची! दोनेक वर्षांनी स्वारी परतली, १८७० मध्ये गादीवर बसली आणि झऱ्याचं पाणी नळानं शहरात आणू लागली. १८८३ मध्ये त्यानं समुद्रासमोर 'बैत अल-अजाइब' म्हणजे नवलाईचा वाडा बांधला. २०२० च्या डिसेंबरात त्याचा मोठा भाग कोसळला.

याच शहरात १९४६ साली फरोख बलसारा नावाचा पारशी मुलगा जन्मला. शिकला आपल्या पाचगणीला. पुढं फ्रेडी मर्क्युरी या नावानं त्यानं जग हलवलं. म्हणजे तोही आपलाच!

असं 'आपलं, आपलं' करत आपण एका चर्चपाशी येतो आणि तोंड बंद होतं. इथं गुलामांचा बाजार भरत असे. जिथं माणसांना बांधून फटके मारीत, तिथंच वेदी आहे, असं सांगतात. आवारातल्या खड्ड्यात गळ्यात साखळ्या घातलेल्या माणसांचे पुतळे उभे आहेत. १८७३ च्या तहानं हा बाजार बंद झाला. त्यासाठी इंग्लंडहून बोलणी करायला आले होते बार्टल फ्रिअर, १८६७ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर. म्हणजे इथंही मुंबई आहे, आणि मान ताठ करावी अशी आहे.

पण गोष्ट तिथं संपत नाही. या बंदरातल्या जकातीचा मक्ता कित्येक वर्षं जयराम शिवजी या कच्छी भाटियांच्या पेढीकडे होता. बंदरात उतरणाऱ्या हस्तिदंतावर जकात होती, तशी माणसांवरही होती. आफ्रिकेच्या आत जाणाऱ्या तांड्यांना आणि लवंगांच्या बागांना कर्ज देणारे सावकार पुष्कळसे हिंदी. १८६० साली मुंबई फौजेतला रिग्बी इथं इंग्रजांचा वकील होता. त्यानं हिंदी लोकांच्या घरांतले गुलाम सोडवायला घेतले, तेव्हा ते हजारांनी निघाले. त्यांतले मालक काही राक्षस नसणार. सकाळी पूजा-नमाज करणारी, व्याज चोख लावणारी, मुलीच्या लग्नाची काळजी करणारी, अगदी आपल्यासारखी माणसं.

तेव्हा 'आपलं' म्हणायचं तर सगळंच म्हणावं. दरवाजा आपला, सुलतानाची मुंबई आपली, गाणारा मुलगा आपला आणि ती जकातीची वही तेवढी परक्याची, असा हिशेब कुठल्याच पेढीवर चालत नाही.