अँजिओग्राफीची भीती: खरा धोका किती, आणि सही करण्याआधी काय विचारायचं?

पनवेलच्या एखाद्या दवाखान्यात ईसीजीचा कागद हातात येतो, डॉक्टर म्हणतात, "एकदा अँजिओग्राफी करून घेऊ," आणि संध्याकाळपर्यंत घरात दोन तट पडतात. मामा म्हणतात, आमच्या शेजारच्यांची केली आणि तिथेच अटॅक आला. मोठी वहिनी म्हणते, आता हे सगळं किरकोळ झालंय, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोवर लसूण-आल्याच्या काढ्याने ब्लॉकेज उघडल्याचा मेसेज येऊन पडलेला असतो.

वहिनीचं म्हणणं खरं आहे, पण सगळ्यांच्या बाबतीत नाही. मामांनी सांगितलेला प्रसंगही खरा असू शकतो, मात्र तो फार क्वचित घडतो. कोणाला धोका जास्त, कोणाला कमी, हे बऱ्याच प्रमाणात आधीच कळू शकतं.

नेमकं काय करतात?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीच्या असतात. साध्या एक्स-रेमध्ये त्या दिसत नाहीत. म्हणून मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून एक बारीक, लवचिक नळी हृदयापर्यंत नेतात, तिच्यातून आयोडिनयुक्त डाय सोडतात आणि त्याच क्षणी एक्स-रेचं चित्रीकरण करतात. धमनी जिथे अरुंद झाली आहे तिथे डायची रेघ बारीक दिसते. टोचण्याची जागा बधिर करतात, पण रुग्ण बहुतेकदा जागाच असतो. निव्वळ तपासणी अर्ध्या तासाच्या आसपास आटोपते.

अँजिओग्राफी ही तपासणी, तर अँजिओप्लास्टी हा उपचार: फुगा फुगवून आणि बहुधा स्टेंट बसवून धमनी मोकळी करणं. जुलै २०१२ मध्ये उद्धव ठाकरे यांना छातीत दुखू लागल्याने लीलावती रुग्णालयात नेलं, तेव्हा आधी अँजिओग्राफी झाली आणि अँजिओप्लास्टी त्यानंतर काही दिवसांनी. त्या बातम्या वाचतानाही अनेकांनी दोन्ही शब्द एकच समजले होते. धोक्याचे आकडे मात्र दोन्हींचे वेगळे आहेत, आणि लोक बरेचदा अँजिओप्लास्टीचा धोका अँजिओग्राफीच्या खात्यावर टाकतात.

डॉक्टरही एकेकाळी घाबरायचे

१९२९ मध्ये जर्मनीतल्या वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नळी घातली आणि तसाच चालत एक्स-रे काढायला गेला. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढलं. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तरीही थेट हृदयाच्या धमनीत डाय सोडला तर हृदय बंद पडेल, असंच पुढेही मानलं जात होतं. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये मेसन सोन्स यांच्या हातून ते चुकून घडलं. नळी उजव्या धमनीत घुसली आणि तब्बल ३० मिलिलिटर डाय आत गेला. रुग्णाचं हृदय काही क्षण थांबलं, त्याला खोकायला सांगितलं आणि ठोके परत सुरू झाले. त्या चुकीतूनच आजची तपासणी उभी राहिली. आता एका वेळी काही मिलिलिटरच डाय सोडतात.

आकडे काय सांगतात?

आधीपासून ठरवून, स्थिर प्रकृतीच्या रुग्णावर केलेल्या अँजिओग्राफीत मृत्यूचं प्रमाण हजारात एक किंवा त्याहून कमी आहे. पक्षाघात आणि तपासणीमुळे येणारा हार्ट अटॅक हेही याच पातळीवर, हजारात एकाच्या खालीच. धमनीला आतून चीर जाणं, नळीमुळे मोठ्या रक्तवाहिनीतला चरबीचा कण सुटून मेंदूकडे जाणं, हृदयाचे ठोके बिघडणं, ही त्यामागची कारणं. म्हणूनच कॅथलॅबमध्ये शॉक देण्याचं यंत्र नेहमी हाताशी तयार असतं.

हा आकडा सरासरीचा आहे. चालू हार्ट अटॅक, खूप कमी झालेला रक्तदाब, हृदयाचं कमजोर पंपिंग, बिघडलेली किडनी, वाढलेलं वय किंवा हृदयाच्या मुख्य डाव्या धमनीतच मोठा अडथळा असेल, तर धोका वाढतो. मामांच्या गोष्टीतला रुग्ण बहुतेक वेळा यांपैकी एखाद्या गटातला असतो. त्याला टेबलावर घेतलं तेव्हा तो आधीच संकटात होता.

बहुसंख्य लोकांना होणारा त्रास किरकोळ असतो: टोचलेल्या जागी काळं-निळं पडणं, थोडी सूज, मनगटातली धमनी आकसून दुखणं, घाबरल्याने रक्तदाब उतरून चक्कर येणं. जांघेतून केल्यास रक्त साचून गाठ होण्याची शक्यता जास्त, आणि काही तास पाय न हलवता पडून राहावं लागतं. मनगटातून अँजिओग्राफी करण्याचा अनुभव कॅनडातल्या लुसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये मांडला. पुढे ८,४०४ रुग्णांवरच्या मॅट्रिक्स या अभ्यासात (२०१५) अटॅक किंवा अटॅकसदृश त्रासाच्या रुग्णांत मनगटाच्या मार्गाने रक्तस्राव कमी होतो असं दिसलं. त्यामुळे "मनगटातून होईल का?" हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. मनगटातली धमनी कधीकधी नंतर बंद पडते, पण हाताला दुसऱ्या धमनीतूनही रक्त मिळत असल्याने अनेकांना ते कळतही नाही. मात्र ज्यांना पुढे डायलिसिसची गरज पडू शकते, त्यांनी हे आधीच सांगावं. त्यांच्यासाठी हातातली प्रत्येक रक्तवाहिनी मोलाची असते.

किडनी, मधुमेह आणि कोळंबी

डाय शरीराबाहेर टाकण्याचं काम किडनी करते. ती चांगली असेल तर सहसा काही होत नाही. आधीच बिघडलेली असेल, त्यात मधुमेह असेल, शरीरात पाणी कमी असेल, तर काही दिवसांसाठी क्रिएटिनिन वाढू शकतं, आणि थोड्या जणांत ते गंभीर होतं. म्हणून तपासणीपूर्वी क्रिएटिनिन पाहणं आवश्यक आहे. तो रिपोर्ट पाहिल्याशिवाय ठरवून करायच्या अँजिओग्राफीची घाई करण्याचं कारण नाही. धोका असलेल्यांना आधी आणि नंतर सलाइन देतात आणि डाय कमीत कमी वापरतात. "भरपूर पाणी प्या" हा सल्लाही सरसकट नाही. हृदय कमजोर असेल तर पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनाच ठरवू द्यावं.

मधुमेहाच्या मेटफॉर्मिन या गोळीवरून बराच गोंधळ असतो. ही गोळी किडनीला इजा करत नाही. पण डायमुळे किडनी मंदावली तर ती शरीरात साचून रक्तातली आम्लता वाढू शकते. म्हणून किडनीचा त्रास असलेल्यांना ती थांबवायला सांगतात आणि साधारण ४८ तासांनी क्रिएटिनिन पाहून परत सुरू करतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांचंही तसंच. कोणती थांबवायची आणि कोणती चुकवायची नाही, हे गोळीगणिक बदलतं. ॲस्पिरिन सहसा चालूच ठेवतात. शेजाऱ्याला सांगितलं होतं म्हणून स्वतःची गोळी बंद करणं हा अँजिओग्राफीपेक्षा मोठा धोका ठरू शकतो.

आता कोळंबी. पनवेल-उरणच्या खाडीपट्ट्यात हा प्रश्न हमखास येतो: कोळंबी-चिंबोरी खाल्ली की अंगावर पित्त उठतं, मग आयोडिनचा डाय चालेल का? मासळीत आयोडिन असतं, त्यावरून हा समज पसरला. प्रत्यक्षात कोळंबीची ॲलर्जी तिच्यातल्या प्रथिनामुळे होते, आयोडिनमुळे नाही. कोणतीही ॲलर्जी डॉक्टरांना सांगावी हे खरंच, पण कोळंबीमुळे तपासणी रद्द करावी लागत नाही. खरी महत्त्वाची माहिती वेगळीच आहे: यापूर्वी सीटी स्कॅन किंवा अन्य तपासणीत डाय दिल्यावर अंगावर गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का? तसं असेल तर आधी औषधं देऊन, डाय बदलून तयारी करता येते.

किरणोत्साराची भीतीही अनेकांना वाटते. निव्वळ अँजिओग्राफीत साधारण ७ मिलिसिव्हर्ट इतका मारा होतो. निसर्गातूनच जगभरात माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात, म्हणजे तीनेक वर्षांचा हिशेब एका बैठकीत. एकदा करण्यासाठी तो मोठा नाही. गरोदर असण्याची शक्यता असेल तर मात्र आधी सांगायलाच हवं.

न करण्याचा धोका

हार्ट अटॅक चालू असताना प्रश्न उलटा होतो. धमनी पूर्ण बंद आहे, स्नायू मिनिटामिनिटाला मरतो आहे, अशा वेळी अँजिओग्राफी आणि लगेच अँजिओप्लास्टी यांचा धोका थांबण्याच्या धोक्यापुढे लहान असतो.

पनवेल आणि परिसराला इथे भूगोल आडवा येतो. पेण, कर्जत, खालापूर, उरण इथून निघालेला रुग्ण कॅथलॅब असलेल्या रुग्णालयाच्या शोधात पनवेल, कामोठे किंवा नवी मुंबईकडे येतो, आणि घाटातला अपघात, पावसातला गोवा महामार्ग किंवा कळंबोलीची कोंडी त्याचा वेळ खाते. ईसीजीवर अटॅक दिसल्यापासून दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर जवळच्याच रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मग पुढे निघावं, अशी जगभरातली शिफारस आहे. ते इंजेक्शन घेतल्यावर बरं वाटलं तरी अँजिओग्राफी टळत नाही. ती सहसा पुढच्या २४ तासांत करतात. स्वतःच्या गाडीने निघण्याऐवजी १०८ ला फोन करण्याचा फायदा असा, की वाटेत हृदय थांबलं तर शॉक देणारं कोणीतरी सोबत असतं.

प्रत्येक छातीदुखीला हीच तपासणी हवी का?

नाही. चढ चढताना छाती भरून येते पण थांबल्यावर लगेच ओसरते, असं बरेच महिने एकसारखं चालू असेल, तर औषधं, स्ट्रेस टेस्ट किंवा सीटी अँजिओग्राफी हे मार्ग आधी असतात. सीटी अँजिओग्राफीत धमनीत नळी घालत नाहीत, हाताच्या शिरेतून डाय देतात. युरोपातल्या २६ केंद्रांवर झालेल्या डिस्चार्ज अभ्यासात (२०२२) अशा मध्यम शक्यतेच्या रुग्णांचे दोन गट केले. पुढच्या काही वर्षांत अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. तपासणी आणि तिच्यापाठोपाठच्या प्रक्रियांमधली मोठी गुंतागुंत मात्र सीटी गटात ०.५ टक्के, तर नळीच्या अँजिओग्राफीने सुरुवात केलेल्या गटात १.९ टक्के होती. धमन्यांत कॅल्शियम फार साचलं असेल किंवा ठोके अनियमित असतील, तर सीटीचं चित्र धूसर येतं. शिवाय डाय आणि किरण तिथेही असतातच.

खरा पेच: टेबलावर असताना विचारला जाणारा प्रश्न

संमतीपत्रावर अनेकदा एकाच ओळीत लिहिलेलं असतं: अँजिओग्राफी, गरज पडल्यास अँजिओप्लास्टी. रुग्ण आत टेबलावर, नळी अजून धमनीत, आणि मुलाला किंवा पत्नीला आत बोलावून पडद्यावर दाखवतात: "नव्वद टक्के ब्लॉक आहे, आत्ताच स्टेंट टाकूया का?" त्या क्षणी "थांबा" म्हणायची कोणाची छाती होणार?

चालू अटॅकमध्ये हा प्रश्नच नको, होकार द्यावा. प्रकृती स्थिर असेल तेव्हा मात्र वेळ असतो. एकाच बैठकीत काम उरकण्याचेही फायदे आहेत: दुसऱ्यांदा टोचावं लागत नाही, खर्च वाचतो. पण अनेक धमन्यांत अडथळे असतील, मुख्य डावी धमनी गुंतली असेल, किंवा सोबत मधुमेह असेल, तर बायपास जास्त हिताची ठरू शकते आणि तिथे सर्जनचं मत घ्यायला हवं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या इस्केमिया अभ्यासात भारतातलेही रुग्ण होते. स्थिर रुग्णांत लगेच स्टेंट किंवा बायपास केल्याने, चांगल्या औषधोपचारांच्या तुलनेत, मृत्यू किंवा अटॅक कमी झाल्याचं त्यात दिसलं नाही. छातीदुखी मात्र जास्त कमी झाली. पन्नास ते सत्तर टक्क्यांमधला अडथळा नुसत्या डोळ्यांनी ठरवणं फसवं असतं. बारीक तारेने रक्ताचा दाब मोजून तो खरोखर त्रासदायक आहे का ते पाहता येतं.

म्हणून ही चर्चा आदल्या दिवशी, रुग्ण कपड्यांत आणि शुद्धीत असताना करावी. कोणत्या स्थितीत लगेच स्टेंट टाकणार आणि कोणत्या स्थितीत बाहेर येऊन बोलणार? स्टेंटची किंमत बिलात वेगळी दाखवणार का? फेब्रुवारी २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत उपचार घ्यायचे असतील तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधीच भेटावं, कारण कशाचा समावेश आहे हे नंतर कळून उपयोग नसतो. राज्याच्या शुश्रूषागृह नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. दुसरं मत घेणं हा त्यातलाच एक हक्क. त्यासाठी नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, चित्रीकरणाची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा.

घरी आल्यावर

मनगटावरचा पट्टा काढल्यानंतर एक-दोन दिवस त्या हाताने बादली, गॅस सिलिंडर किंवा नातवंड उचलू नये. दुचाकीही नको. जागा थोडी निळी पडली तर काळजी नाही. रक्त येऊ लागलं तर बोटांनी घट्ट दाबून धरावं, मध्ये मध्ये उघडून बघू नये. दहा मिनिटांत थांबलं नाही, किंवा जांघेतून रक्त आलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं. हात-पाय गार, पांढरा किंवा बधिर पडणं, टोचलेल्या जागी वाढत जाणारी ठणकणारी गाठ, ताप, लघवी कमी होणं यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, बोलताना जीभ अडखळणं किंवा एका बाजूची ताकद जाणं यांपैकी काहीही दिसलं, तर थेट १०८.