नईमच्या दुकानातला रुपया

नईममधल्या दुकानात आज आपण मोबाईलवर बेनिफिटपे उघडतो. १९६५ पूर्वी इथे खिशातून चक्क रुपया निघायचा. पण त्यात एक गोची होती. भारतातून नोटा आखातात यायच्या, त्यांवर घेतलेलं सोनं चोरून मुंबईला जायचं आणि बँकांतून परत आलेल्या नोटांपोटी भारताला पौंड मोजावे लागायचे. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, क्रमांकाआधी ‘झेड’ अक्षर. त्या भारतात चालत नसत. आम्हा संगणकवाल्यांना हा उपाय फार आवडावा: रुपया तोच, खूण तेवढी नवी.

१९६५ मध्ये दिनार आला, दहा रुपयांना एक. आणि २०१७ मध्ये इथल्या सेंट्रल बँकेने नव्या कंपन्यांना मोजक्या ग्राहकांवर प्रयोग करायची मुभा दिली. पुढच्या वर्षी बहारीन फिनटेक बे सुरू झालं. तुमच्या मुलांपैकी कोणी पैसे पाठवायचं ॲप काढणार असेल, तर त्याला आधी हे विचारा: पलीकडच्या टोकाला पैसे कोण मोजणार? १९५९ मध्ये प्रश्न तोच होता.

बाकी, तो दहा रुपयांचा दिनार आता दोनशेच्या वर गेलाय.